येणे बाकीची वही

तुकोबारायांना आपण जगद्गुरू म्हणतो. पण त्याआधी ते दिवाळे निघालेले वाणी होते, ही गोष्ट कथेत बहुधा घाईने आटोपली जाते. 1630 च्या सुमाराचा तो महादुष्काळ. दुकान बुडाले, पत गेली, पहिली बायको अन्नावाचून गेली, पोरगाही गेला. यात तुकोबांचा अपराध कोणता? पाऊस काही त्यांनी अडवला नव्हता! जन्मभर कपाळ बडवीत बसले असते, तरी कोणी नावे ठेवली नसती. लोकांकडे येणे होते, त्याची खते घरात होती. परंपरा सांगते की, त्यांनी खतांचे दोन वाटे केले, अर्धी धाकट्या कान्होबाला दिली आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला.

खत म्हणजे काय हो? ‘अमका माझे देणे लागतो’ असा कागद. अशी एक वही आपल्याही उरात असते. साहेबाने बढती डावलली, सोबत्याने चुगली केली, भागीदाराने बुडवले. सारे तिच्यात टिपलेले. वसुली शून्य, व्याज मात्र रोज चढते, आणि ते भरतो कोण? आपणच!

कामठीस सप्ताहात एक गृहस्थ भेटले. माळकरी, सज्जन माणूस. म्हणाले, “महाराज, माह्यावरच काहून अशी पाळी येते?” बढती हुकली होती. आम्ही विचारले, “किती वर्षे झाली बाबा?” “नऊ.” “आणि तो साहेब?” “तो तं कवाच रिटायर झाला.” पाहा! साहेब पेन्शन खातो आहे आणि इकडे याच्या ताटात रोज तोच वाढला जातो. घरची पोरे बापाजवळ जेवायला बसेनाशी झाली. पुन्हा विचारले, “मधल्या काळात खात्याची परीक्षा निघाली होती?” “दोनदा. पण काय फायदा, तिथंही त्याईचीच माणसं!” अन्याय एकदाच झाला होता, म्हणजे पुढचे दोन घाव कोणाचे?

वेदान्तात जीवाला कर्ता आणि भोक्ता म्हटले आहे. कर्तेपण देवाला वाहिले तर ते समर्पण होय. आमच्या या सज्जनाने ते साहेबाला वाहिले आणि स्वतःकडे नुसते भोक्तेपण ठेवले. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आपला बंधू आणि आपला वैरी असे दोघेही आपणच असल्याचे सांगितले, ते अशांसाठीच.

कोणी म्हणेल, बुवा, मग अन्याय मुकाट गिळायचा काय? मुळीच नाही. कान्होबाचा वाटा तुकोबांनी बुडवला नाही, हे विसरू नका. आपला रुसवा सोडता येतो, दुसऱ्याचा हक्क सोडता येत नाही. आणि हे शिकायला कामठीकरांना देहूपर्यंत जायला नको. बाबू हरदास एल. एन. याच गावचे, जन्म 1904 चा. नाव हरदास, पण हाती वीणा नव्हे, विडीकामगारांची संघटना! दिवसभर मान मोडून वळलेल्या विड्यांतून कारखानदाराचा माणूस ‘छाट’ म्हणून हव्या तेवढ्या बाजूला काढी, त्यांची मजुरी गेली. यावर घरोघर रडणे होतेच. हरदासांनी त्या रडणाऱ्यांना एकत्र बसवले. 1937 मध्ये ते प्रांताच्या विधानसभेवर निवडून गेले आणि 1939 मध्ये, ऐन पस्तिशीत, वारले. पुढे 1966 मध्ये विडीकामगारांचा कायदा झाला, त्यात छाटलेल्या विड्यांच्या मजुरीच्या तंट्याचा निवाडा कोणी करायचा याची तरतूद आली. घरी बसून विड्या वळणारी बाईही त्यात कामगार ठरली. हरदास ते पाहायला नव्हते.

तेव्हा येत्या एकादशीला एवढे करा. मनातली वही खरोखर कागदावर उतरवा. ज्या कलमावर अर्ज करता येतो, दाद मागता येते, चारजण गोळा करता येतात, त्यापुढे तारीख घाला आणि ते काम धरा. उरलेली कलमे घरच्या माणसांना एकदा, शेवटची, वाचून दाखवा. कन्हान काही इंद्रायणीहून लांब नाही.