शिकाऊ मोतद्दाराचा दोष कोणाचा?

तबेल्यात नव्याने लागलेल्या पोराने घोड्याला विनाकारण चाबूक मारला, तर दोष त्याचा की मालकाचा? रायगड जिल्ह्यातल्या माथेरानात खासगी मोटारींना बंदी आहे, घोड्यावर अनेकांचे पोट चालते; तिथे हा प्रश्न पुस्तकी उरत नाही. मनुस्मृतीचा आठवा अध्याय एरवी कितीही खटकला, तरी इथे नेमके बोलतो. सारथी अकुशल असल्याने वाहनाकडून इजा झाली, तर दोनशे पण दंड मालकाला. सारथी कुशल असेल, तर तो सारथ्याला. म्हणजे अडाण्याच्या हाती लगाम देणे हाच मूळ अपराध. हा नियम वाहनामुळे झालेल्या इजेचा आहे, पण घोड्याच्या पाठीवरच्या वळालाही तोच न्याय लावायला हवा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही वाजवी देखरेख न ठेवणाऱ्या मालकाला दोषी धरतो. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा तर उमेदवाराला कामगार नव्हे, शिकणारा मानतो. मग पोर अगदी निर्दोष? तसेही नाही, घोड्याचे दुखणे त्याला डोळ्यांनी दिसते. पण खरारा, दाणापाणी, खुरांची निगा अंगवळणी पडण्याआधी चाबूक हाती दिला गेला असेल, तर मोठा वाटा मालकाचाच.