मृतास दिलेला शब्द

जिवंत माणसास दिलेल्या वचनातून मोकळे होण्याची एक वाट नेहमी उघडी असते. ज्यास वचन दिले त्याच्याकडे जावे, आपली अडचण सांगावी आणि त्याने उदार मनाने सोडले तर सुटावे. मृतास दिलेल्या वचनाला ही वाट नाही. तेथे सोडणाराच उरलेला नसतो. आणि वचन मोडले तर जाब विचारणाराही उरलेला नसतो. अशा वचनाचे बंधन कोठवर मानावे, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. मृत्युपत्राचा व्यवस्थापक, कोर्टाच्या भाषेतला एक्झिक्युटर, होण्याचा प्रसंग आप्तेष्टांच्या विश्वासामुळे कोणाही गृहस्थावर येऊ शकतो.

या व्यवस्थापकाचे स्थान कायद्याने मोठे विलक्षण ठरविले आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृताची मिळकत त्याच्या ठायी निहित होते, पण तिचा उपभोग त्याचा नसतो. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मिळकतीची यादी व एका वर्षात जमाखर्च त्याने कोर्टापुढे ठेवावयाचा असतो. त्याच्या गैरवापराने मिळकतीचे नुकसान झाले, तर ते त्यास पदरचे भरून द्यावे लागते. देवस्थानच्या कारभाराशी परिचित असलेल्या आमच्या वाचकांस ही भूमिका नवी वाटू नये. हिंदू कायद्याने मूर्तीस मिळकतीची धनी मानले. परंतु तो धनी स्वमुखाने बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी किल्ल्या सांभाळाव्या लागतात. मृत आणि देव हे दोघेही मौनी धनी. त्यांच्या चाकराची परीक्षा पाहण्यास समोर धनी नसतो, म्हणूनच ती परीक्षा कठीण.

या कठीणपणाचे आपल्या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ताई महाराज प्रकरण. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित हे ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. मृत्युसमयी त्यांनी आपल्या मृत्युपत्राची व्यवस्था लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे आदींच्या हाती दिली. लोकमान्य तेव्हा राजद्रोहाच्या आरोपाखाली नुकतेच जामिनावर सुटून आले होते. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज गरोदर होत्या. पुत्र न झाल्यास अथवा तो न जगल्यास व्यवस्थापकांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी मृत्युपत्रातील योजना होती. १८९८ च्या प्रारंभी पुत्र झाला आणि थोड्याच काळात गेला. लोकमान्य त्या वेळी तुरुंगात होते. पुढे जून १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ महाराजांचे दत्तविधान झाले. परंतु त्याच वर्षी ताई महाराजांनी ते अमान्य करून कोल्हापूरच्या बाळा महाराजांस दत्तक घेतले, आणि लोकमान्यांचे प्रोबेट रद्द व्हावे म्हणून कोर्टात धाव घेतली.

त्यानंतरची हकीकत सर्वश्रुत आहे. १९०२ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी प्रोबेट रद्द केले व टिळकांवर फौजदारी खटला उभा राहिला. १९०३ मध्ये त्यांस शिक्षा झाली. १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांस निर्दोष ठरविले. दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. उच्च न्यायालयात निकाल विरुद्ध गेला, आणि अखेर १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तविधान कायम केले. ताई महाराज १९०३ मध्येच निवर्तल्या होत्या.

येथे विचारावयाचे ते हे : आपली कीर्ती, आरोग्य व सार्वजनिक कार्य पणास लावून एका मृत मित्राच्या इच्छेसाठी इतकी वर्षे झगडावे काय? सोडून दिले असते तर व्यवहारी लोकांनी शहाणपणच म्हटले असते. आमच्या मते सोडणे योग्य झाले नसते. कारण सोडावयाचे ते टिळकांचे नव्हतेच. दत्तविधान झाल्यावर एका मुलाचा हक्क त्या वचनावर टेकला होता. स्वतःचा हक्क सोडणे हे औदार्य. दुसऱ्याचा हक्क आपल्या सोयीसाठी सोडणे यास औदार्य म्हणत नाहीत. व्यवस्थापकास क्षमा करण्याची मुभा फार थोडी असते, ती याचमुळे.

परंतु दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. कोवळ्या वयातील एक विधवा, पती गेलेला, मूल गेलेले; आणि आपल्या घरात पुत्र म्हणून कोण यावा यासाठीही परक्या पुरुषांची संमती हवी. तिच्या मनात अविश्वासाचे बीज पडले असेल तर त्याचे नवल वाटू नये. मृताचा शब्द पाळताना जिवंतांच्या दुःखाकडे पाठ फिरवावी, असे कोणताही धर्म सांगत नाही. कायदासुद्धा मृताच्या इच्छेस सर्वत्र मोकळे रान देत नाही. गोव्यात २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलेबाळे असणाऱ्यास आपल्या मिळकतीच्या अर्ध्या भागापुरतेच मृत्युपत्र करता येते. उरलेला अर्धा भाग त्यांचा राखीव. याचा अर्थ, गेलेल्याच्या शब्दास मान आहे, पण राहिलेल्यांच्या अन्नावर त्याची सत्ता नाही.

वकिलीच्या व्यवसायात असे तंटे आम्ही पाहत आलो. त्यांत उघड अपहार असतो त्याहून मौन अधिक असते. व्यवस्थापक प्रामाणिक असतो, पण वारसांस कागद दाखवीत नाही. विचारले तर त्यास तो अपमान मानतो. ‘त्यांची इच्छा अशी होती’ हे वाक्य तो इतक्या वेळा उच्चारतो की मृताची इच्छा कोठे संपली आणि स्वतःची कोठे सुरू झाली हे त्याचे त्यासही कळेनासे होते. मृत बोलत नाही, म्हणून त्याच्या तोंडी काहीही घालता येते, हाच या कामातील मोठा मोह आहे. त्यावर उपाय एकच. जे कागदावर आहे ते कागदावरून वाचावे. जेथे कागद मुका आहे तेथे वारसांस बोलावून विचारावे. आणि वही कोणी मागण्यापूर्वीच उघडी ठेवावी. हे ज्यास जमणार नसेल त्याने आरंभीच नम्रपणे नकार द्यावा. कायद्याने ती मुभा ठेविली आहे, आणि मरणाऱ्याच्या शय्येपाशी संकोचाने दिलेल्या होकारापेक्षा असा नकार अधिक प्रामाणिक.

हिशेब मागणारा वारस हा मृताचा वैरी नव्हे. धनी मौनी असता त्याच्या वतीने प्रश्न विचारणारा तोच एक उरतो, हे व्यवस्थापकाने ओळखले तर पुष्कळशी घरे कोर्टाची पायरी चढण्यापासून वाचतील.