मुलांच्या नांवानें मागितलेला पैसा

खेड्यांतील शाळेंत चित्रें, नकाशे, पृथ्वीचा गोल, हाताळावयाच्या वस्तु आणि साधल्यास प्रोजेक्टर हीं साधनें असावींत, याविषयीं आतां वाद राहिला नाहीं. वस्तु आणि तिचें नांव जोडीनें शिकवावें, हें मोरेव्हियन मंडळीचा बिशप कोमेनिअस यानें १६५८ सालीं चित्रांचें पाठ्यपुस्तक छापून दाखवून दिलें. ज्या मुलानें समुद्र पाहिला नाहीं त्याला ‘भूशिर’ हा शब्द पन्नास वेळां घोकूनहि कळत नाहीं. चित्र पाहतांच कळतो. प्रश्न उरतो तो असा कीं, या साधनांसाठीं पैसा कोठून आणावा, आणि आणतांना कोणतें कर्तव्य पाळावें?

पैसा मिळण्याचीं दारें पुष्कळ आहेत. खासगी शाळांस सरकारनें अनुदान द्यावें असें १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें ठरविलें. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘खडू-फळा मोहीम’ निघून नकाशे, तक्ते, गोल, गणिताच्या व विज्ञानाच्या पेट्या गांवोगांव गेल्या. सर्व शिक्षा अभियानांत साधनें करण्यास दर शिक्षकामागें वर्षाला ५०० रुपये मिळत. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेखालीं सरकारी शाळांस पटाप्रमाणें एकत्रित अनुदान मिळतें. मोठ्या कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा निदान शेंकडा २ भाग लोकोपयोगी कामांवर खर्चावा, असें २०१३ च्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम सांगतें, व त्या कामांत शिक्षण येतें. परदेशी पाहुण्याची देणगी मात्र मास्तरांनीं परभारें घेऊं नये. तिला २०१० च्या परकीय देणगी कायद्याखालीं परवानगी लागते. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती दिल्लींतील स्टेट बँकेच्या नेमून दिलेल्या शाखेंतच प्रथम जमा व्हावी लागते.

दार कोणतेंहि असो, अर्जांत एक गोष्ट सारखीच असते: पैसा मुलांच्या नांवानें मागितलेला असतो. मग तो पैसा कोणाचा? आमच्या मतें तो मुलांचाच. देणाराचा तो राहिला नाहीं, आणि घेणाराचा तो कधींच झाला नाहीं. घेणारा केवळ कारभारी, धनी तें मूल. एवढें मान्य केलें म्हणजे मागणें, निवडणें आणि राखणें या तिन्ही बाबतींत आपलें कर्तव्य स्पष्ट होतें.

प्रथम मागण्याविषयीं. मुलाच्या नांवानें मागतांना मुलाचा मान विकूं नये. दात्याचें अंतःकरण द्रवावें म्हणून धडधाकट मुलांस मुद्दाम फाटक्या कपड्यांत उभें करून छायाचित्र काढावें, पट फुगवून लिहावा, असा मोह होतो. कोणी म्हणेल, “हेतु चांगला आहे, थोडें रंगवून सांगितल्यानें शाळेंत तक्ते आले, तर कोणाचें काय गेलें?” मुलाचें गेलें. तें छायाचित्र कधीं ना कधीं फिरून गांवांत येतें, आणि आपली किंमत आपल्या दैन्यांत आहे असा धडा तें मूल त्यावरून शिकतें. नकाशा दहा वर्षें टिकेल. हा धडा जन्मभर टिकेल. फुगविलेल्या पटावर मिळालेला पैसा तर शेजारच्या गांवच्या मुलांच्या वांट्यांतून येतो. म्हणून अर्जांत एवढेंच लिहावें: मुलें किती, कोणत्या इयत्तेचीं, कोणता पाठ त्यांस कळत नाहीं, त्यास कोणती वस्तु हवी, तिची किंमत काय, आणि ती कोण सांभाळील. असा अर्ज कोरडा दिसेल, पण तो मुलांसमोर मोठ्यानें वाचतां येईल. खऱ्या अर्जाची हीच परीक्षा.

दुसरी गोष्ट निवडण्याची. पाठ आधीं ठरावा, वस्तु मागून. जेथें दुपारीं वीज नसते तेथें, कोणी देतो म्हणून मोठा पडदा घेऊन ठेवणें म्हणजे मुलाच्या पैशानें दात्याची पाटी रंगविणें होय. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील बालशिक्षणास आरंभ केला. पुढें अनुताई वाघ यांच्या साथीनें तेंच काम १९५७ पासून कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत चाललें. माँटेसरी पद्धतीचीं विकत मिळणारीं साधनें खेड्याला परवडणारीं नव्हतीं. तेव्हां शिंपले, बिया, पानें व खडे हींच त्यांनीं साधनें केलीं. यावरून असा नियम घेतां येईल कीं, जें गांवांत होतें तें गांवानें करावें, आणि होत नाहीं तेंच बाहेर मागावें. १८५४ च्या खलित्यांत अशी अट होती कीं अनुदान घेणाऱ्या शाळेनें मुलांकडून थोडी कां होईना, फी घ्यावी. ती अट गरिबास जड होती. २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क दिला, हेंच योग्य झालें. परंतु घेणारानेंहि आपलें कांहीं घालावें, हा त्या अटींतील विचार फीवांचूनहि पाळतां येतो. सुतारानें फळी द्यावी, कुंभारानें मातीचे डोंगर व नद्या करून द्याव्या.

तिसरी गोष्ट राखण्याची, आणि येथेंच सर्वांत अधिक चूक होते. खडू-फळा मोहिमेंतील पेट्या कित्येक शाळांत कपाटांत कुलुपाखालीं राहिल्या. मास्तरांस केवळ दोष देऊं नये. वस्तु जडवस्तुसंग्रह नोंदवहींत चढलेली असते. ती फुटली तर भरपाई आपल्या पगारांतून जाईल, ही त्यांची भीति खोटी नव्हे. परंतु कारभाऱ्याच्या भीतीपायीं धन्यानें उपाशी राहावें काय? उपाय कायद्यांतच आहे. २००९ च्या कायद्याप्रमाणें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात व एकंदरींत निम्म्या स्त्रिया. आणि सरकारचें असो वा इतर कोणाचें, आलेलें अनुदान कसें वापरलें जातें हें पाहणें तिचें काम आहे. खासगी अनुदानित शाळांत तिला केवळ सल्ला देतां येतो, तरी तोहि द्यावा. समितीनें दर सहामाहीस वस्तु समक्ष पाहाव्या, आणि वापरानें झिजलेली वस्तु निर्लेखित करण्याचा प्रस्ताव वेळेवर लिहून पाठवावा. म्हणजे मास्तर एकटे जबाबदार राहणार नाहींत, आणि कपाट उघडेल.

वर्षअखेरीस दात्यास हिशेब पाठवितांना पावत्या अवश्य जोडाव्या; त्या कर्तव्याचा भाग आहेत. परंतु गांवांतील ज्या बंधुभगिनींस हें काम सोंपविलें आहे, त्यांनीं शाळेंत जाऊन पृथ्वीचा गोलहि एकदां हातीं घेऊन पाहावा. तो कोरा करकरीत असेल तर हिशेब अजून पुरा झाला नाहीं. मुलांनीं आपला देश शोधतांना बोटें ठेवून ठेवून भारतावरचा रंग उडवून टाकला असेल, तर पैसा धन्याच्या हातीं पोंचला असें समजावें.