सांधा दर्याला दिसतो

माझ्या लहानपणी आमच्या मालवणच्या घरामागे, माडांच्या सावलीत, एक म्हातारा सुतार होड्या बांधीत असे. शाळा सुटली की मी त्याच्यापाशी जाऊन बसे. एकदा दोन दिवस खपून जुळवलेला सांधा त्याने उखडून टाकला. मला काही त्यात वावगे दिसेना. मी म्हटले, "आबा, रंग दिल्यावर कोणाला कळले असते?" तो हसून म्हणाला, "रंग गिऱ्हायकाक दिसता रे झिला, सांधो दर्याक दिसता."

हे बोल मी पुढे साफ विसरलो. 2013 च्या दसऱ्याला आमच्या घरी पहिली मोटार आली. विक्रेत्याने एकाच गाडीचे दोन प्रकार दाखवले. महागात एअरबॅग होत्या, स्वस्तात नव्हत्या. मी स्वस्त गाडी घेतली आणि वाचलेल्या पैशांत गाण्यांचे यंत्र नि चकचकीत चाके बसवली. त्या पिशव्या कशासाठी, हे त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही. नारळ फोडून आम्ही कुणकेश्वराला गेलो. मुलगा गाडी चालवीत होता, सून शेजारी, आणि वर्षाची नात तिच्या मांडीवर.

पुढच्याच जानेवारीत 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्यांची चाचणी जाहीर केली: ऑल्टो 800, नॅनो, आय-10, फिगो आणि पोलो. ताशी 64 किलोमीटर वेगाने त्या अडथळ्यावर आदळवल्या होत्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी पाचही गाड्यांना तारे मिळाले शून्य! काहींचा तर सांगाडाच कोलमडला. तिथे पिशव्यांनीही फारसे भागले नसते. पण आपल्या पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या पोलोचा सांगाडा टिकला होता. तीच गाडी दोन पिशव्या बसवून पुन्हा आदळवली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. कंपनीने बिनपिशव्यांची गाडी बाजारातून काढून घेतली. म्हणजे विद्या होती, कारागीर होते, कारखाना होता. अडले होते ते फक्त मनाशी ठरवण्यापाशी.

कारखानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. पावसात एकाच स्कूटरवर भिजत चाललेले कुटुंब पाहून रतन टाटांना लाखाच्या गाडीची कल्पना सुचली, आणि 2008 साली नॅनो लोकांपुढे आली. चार जीव दुचाकीवरून छपराखाली यावेत, ही इच्छा काही खोटी नव्हती. स्वस्ताई हे पाप नव्हे. आमचा सुतारही गरिबासाठी लहान होडी बांधीच. तिला लाकूड कमी लागे; पण सांधा कच्चा नसे, आणि "ही घेऊन खाडीबाहेर जाऊ नको" असे तो बजावून सांगे. पाप असलेच तर ते किमतीत नाही, न सांगण्यात आहे.

अर्थात त्याला एक सोय होती. होडी बुडाली असती, तर रडणे त्याच्याच वाडीत ऐकू आले असते. चाकणच्या इंजिनिअराला माझी नात कुठून ठाऊक असणार? एवढ्या अंतरावर माणसाचे मन आपोआप पोचत नाही. म्हणून कायदा लागतो. चालकासमोरची पिशवी 2019 पासून सक्तीची झाली, शेजारच्याचीही 2022 पासून. आणि 2023 पासून 'भारत एनकॅप' आपल्याच देशात तारे देऊ लागली. वाडीचे डोळे जिथे पोचत नाहीत, तिथे हे परके डोळे उपयोगी पडतात. तरीही कायदा येईपर्यंतची वर्षे ज्याच्या त्याच्या विवेकावरच सोपवलेली असतात.

हे सारे मी ऐटीत लिहिले असते. पण या दिवाळीत मुलगा नवी गाडी घेतो आहे, आणि जुनी विकण्याचे काम माझ्याकडे आले. परवा शेजारच्या गावचा एक तरुण बायको-पोरासह ती पाहायला आला. त्याने चाकांवरून हात फिरवला. "काका, रंग अजून नवाच आहे हो!" म्हणाला. क्षणभर मी गप्प राहिलो. तेवढ्या क्षणात मला साऱ्या कारखानदारांचे मन कळले.

मग मी त्याला सांगितले, हिच्यात एअरबॅग नाहीत आणि हिच्यात पोराला पुढे बसवू नका. तो विचार करून सांगतो म्हणाला. अजून आलेला नाही. गाडी अंगणात उभी आहे, आणि तिच्या टपावर आज नातीने पणती ठेवली आहे.