अनिकेत: ज्याला घर नाही तो



बारावा अध्याय संपत आला. आज एकोणिसावा श्लोक, आणि त्यातला एकच शब्द घेऊया: अनिकेत. निकेत म्हणजे राहण्याची जागा, घर. ज्याला ते नाही तो अनिकेत. देवाला प्रिय असणाऱ्या भक्ताची लक्षणं चालली आहेत, त्यात हा शब्द येतो आणि त्याला लागूनच स्थिरमती येतो. घर नाही, पण बुद्धी जागेवर आहे. आता आपल्यातले निम्मे जण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि दर अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट करतात. मग आपण आपोआप अनिकेत झालो का?

हा श्लोक यंदा मी चालत्या घरात वाचला. आम्ही दोघं न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चला असतो. जानेवारीत कॅम्पर व्हॅन भाड्याने घेतली, आधी दक्षिणेला ते आनाऊपर्यंत एका दमात गेलो आणि मग नऊ दिवस तळ्यातळ्यांनी घराकडे आलो. मानापौरी, वाकाटिपू, वानाका, हावेआ, मग लिंडिस खिंड चढून पुकाकी आणि टेकापो. सगळी तळी हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांमध्ये साठलेली, लांबच लांब. रोज सकाळी चहा होईपर्यंत एक श्लोक आणि त्यावरची ज्ञानेश्वरी, एवढा नेम ठेवला होता. अनिकेतचा दिवस आला तेव्हा बायको म्हणाली, "अरे, हे आत्ता वाचायला सोपं आहे. आपल्याला परवा किल्ली परत द्यायची आहे." यावर मी काय बोलणार!

तरी व्हॅनने एक गोष्ट शिकवली. लांबून बघताना वाटतं की व्हॅन म्हणजे मोकळेपणा, कुठेही थांबा, कुठूनही निघा. प्रत्यक्षात तसं नसतं. इथे मोकळ्या जागेत मुक्काम करायचा तर गाडीला सेल्फ-कंटेन्डचा दाखला लागतो. म्हणजे तीन दिवस पुरेल एवढं पाणी गाडीत हवं आणि तीन दिवसांची घाणही गाडीतच साठवता यायला हवी. २०२३ च्या कायद्यानंतर या दाखल्यासाठी गाडीत कायमचा बसवलेला संडास लागतो. भांडी घासलेलं पाणी खालच्या टाकीत जातं. ती टाकी आणि संडासाची कॅसेट डम्प स्टेशन नावाच्या ठराविक जागीच रिकामी करायची. हे काम कोणाचं, यावर आमच्यात रोज वाटाघाटी व्हायच्या. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना बूट, टॉवेल, होडी, सगळं तपासायचं, धुवायचं, वाळवायचं. २००४ मध्ये इथल्या दक्षिणेच्या एका नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. ओल्या वस्तूंना चिकटून ते पुढच्या पाण्यात जातं आणि दगड चिखलट गोधडीसारखे झाकून टाकतं. डोळ्यांना दिसणार नाही एवढा एक थेंबही पुरतो.

गंमत बघा. घरी राहणाऱ्या माणसाला आपली घाण कुठे जाते ते माहीतही नसतं, फ्लश केलं की विषय संपला. घर सोडून निघालेल्याला मात्र ती मांडीखाली घेऊन दोनशे किलोमीटर जावं लागतं. आमच्या धंद्यात स्टेटलेस सर्व्हर असतो. तो स्वतःजवळ काही साठवत नाही, एकदम विरक्त. पण साठवण कुठेच नसते असं नाही. मागे एक डेटाबेस गुपचूप सगळं सांभाळत बसलेला असतो. स्वतःला विरक्त म्हणवणाऱ्या माणसाच्या मागे असा डेटाबेस कोण आहे, हे बघायला हवं. बहुतेक वेळा ती आई किंवा बायको असते.

ज्ञानोबा माउली या शब्दावर काय सांगतात? आधी ते वाऱ्याचा दाखला देतात, वाऱ्याला एका जागी बिऱ्हाड नसतं. आणि मग अर्थ असा काही फिरवतात की बघत राहावं. सगळं विश्वच आपलं घर, ही ज्याची खात्री पक्की झाली, तो खरा अनिकेत. या दोन अर्थांत व्यवहारात फार फरक पडतो. माझं घर कुठेच नाही असं म्हटलं, तर टाकीचा कॉक कुठेही उघडता येतो, उद्या मी इथे नसणारच. सगळंच घर म्हटलं, तर कॉक उघडायला जागाच उरत नाही.

इथवर ठीक होतं. खरा प्रश्न पुकाकीच्या काठी आला.

पुकाकीचं पाणी दुधात निळं कालवल्यासारखं दिसतं. हिमनदीने दळलेल्या खडकाचं पीठ त्यात तरंगत असतं. टोकाला ३,७२४ मीटर उंच आओराकी. रात्री नऊला, अजून उजेड होता, बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे दीड, जेवण झालं होतं. ज्यांना ज्यांना ते पाणी दाखवलं ते सगळे "काय रंग आहे" म्हणाले होते. बाबांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "खाली काय होतं रे तिथं?"

हा प्रश्न त्यांनाच सुचणार. आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. बाबा तेव्हा शाळेत होते. बैलगाडीतून घराच्या तुळया आणि दाराची चौकट नवीन गावठाणात आणली, ती चौकट अजून आमच्या घराला आहे. मी त्यांचा प्रश्न इथल्या माहितीफलकांवर आणि पुस्तकांत शोधला. पुकाकी हे मूळचं तळं, पण विजेसाठी त्याची पातळी दोनदा वाढवली, दुसऱ्यांदा १९७० च्या दशकात, म्हणजे साधारण आमचं गाव बुडत होतं तेव्हाच. या देशाच्या जुन्या पाच पौंडांच्या नोटेवर इथल्या एका बेटाचं चित्र होतं. ते बेट आता पाण्याखाली आहे. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "आपलं पळसदेवचं देऊळ तरी उन्हाळ्यात वर येतं."

मग त्यांना मानापौरीचंही सांगितलं. तिथेही पाणी चढवायचं ठरलं होतं, तेव्हा १९७० मध्ये २,६४,९०७ लोकांनी अर्जावर सह्या केल्या. त्या वेळच्या लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के. सही करणाऱ्या कित्येकांनी ते तळं पाहिलंही नसेल. शेवटी पाणी चढलं नाही. वीज मात्र तयार होते, तळ्याच्या नैसर्गिक पातळीतच. मी विचारलं, "आपल्याकडे कोणी सह्या केल्या होत्या का?" बाबा नुसते हसले.

तर प्रश्न असा आहे. ज्याचं घर सरकारने नोटीस देऊन पाण्याखाली घातलं, त्याला अनिकेत म्हणायचं का? शब्दार्थाने तो आमच्यापेक्षा कितीतरी जास्त अनिकेत आहे. आम्ही नऊ दिवसांसाठी पैसे मोजून बेघर झालो होतो. त्याला मात्र कोणी विचारलंही नव्हतं. कीर्तनात कोणी त्याला सांगितलं, की बाबा रे, घराची आसक्ती सोड, गीतेत हेच सांगितलंय, तर शब्द गीतेचे असूनही मला ते पाप वाटतं. माझ्या मते अनिकेत हा शब्द फक्त स्वतःबद्दल वापरायचा आहे. दुसऱ्याच्या घरावर तो लावता येत नाही. भक्ताची लक्षणं ही आरशासारखी आहेत, आणि आरसा दुसऱ्याच्या तोंडावर मारायचा नसतो.

उजनी नको होती असं मी म्हणत नाही. तिच्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्याचा ऊस उभा आहे, आमच्या मामांचाही. आणि तीच भीमा धरणाखाली वाहत पंढरपूरला चंद्रभागा होते. आमची आजी वारीला गेली की त्या पाण्यात हात घालून म्हणायची, आपल्या घरावरनं आलंय हे. तिच्या बोलण्यात तक्रार असायची की कौतुक, मला कधी कळलं नाही. पण माउलींच्या अर्थाच्या ती आमच्यापेक्षा जवळ होती, आणि तिला अनिकेत हा शब्द ठाऊकही नव्हता.

माओरी भाषेत तूरांगावायवाय असा शब्द आहे. पाय ठेवून उभं राहण्याची जागा, जिथे उभं राहण्याचा हक्क कोणी विचारत नाही ती. बायकोला तो फार आवडला. बर्क्स खिंड उतरताना तिने हळूच घराचा विषय काढला, म्हणजे क्राइस्टचर्चला विकत घ्यायच्या घराचा. डाउन पेमेंट जमलं आहे, भीती माझी आहे. "अनिकेत तू हो खुशाल," ती म्हणाली, "मला भिंतीत खिळा ठोकायचाय. घरमालकाला ईमेल न करता." विषय अजून चालू आहे.

परवा बाबांचा फोन आला. "घरी पोचलात का?" त्यांनी विचारलं, आणि घरी म्हणजे कुठे, हे आम्हा दोघांनाही स्पष्ट करावं लागलं नाही. मग म्हणाले, मे महिन्यात येता का? धरण मायनसमध्ये गेलं तर जुन्या गावठाणापर्यंत चालत जाता येईल, गुडघे आहेत तोवर एकदा दाखवतो. तिकिटं बघतोय. पाणी किती उतरतं ते कालव्याच्या आवर्तनावर आहे.

उद्या विसावा श्लोक, अध्यायाचा शेवटचा.