‘सदृश’ची किंमत

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातुरात पोचली. दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होतं. मांजरा धरण आटलं होतं आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. शासनाच्या आदेशांत मात्र या अवस्थेला ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ म्हटलं जात होतं. विषय उच्च न्यायालयात गेला, तेव्हा कुठे मे महिन्यात राज्यातल्या २९ हजारांहून अधिक गावांच्या बाबतीत ‘सदृश’ गळून नुसता ‘दुष्काळ’ उरला. तोवर उन्हाळा सरत आला होता.

त्याच वर्षी जानेवारीत हवामान खात्यानेही ‘दुष्काळ’ हा शब्द सोडला. देशाच्या पावसाचा हिशेब मांडताना ‘दुष्काळी वर्ष’ऐवजी ‘तुटीचं वर्ष’ म्हणायचं ठरलं. खात्यापुरतं ते रास्त होतं. पाऊस मोजणं त्याचं काम, दुष्काळ जाहीर करणं राज्याचं. अडचण आहे ती मोजण्याच्या रीतीत. जिल्ह्यात दीर्घकालीन सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त पाऊस झाला, तरी तो ‘सामान्य’च. २० ते ५९ टक्के कमी म्हणजे तूट, ६० टक्क्यांपासून पुढे मोठी तूट. चार महिन्यांची बेरीज केली की जुलैतला खंड आणि सप्टेंबरातली झड एकमेकांना झाकून टाकतात. आधी फुलोरा गळतो, नंतर उभ्या सोयाबीनच्या शेंगांना जागेवरच कोंब फुटतात, आणि तक्त्यात जिल्ह्याचा पाऊस सामान्य दिसतो.

महसूल खात्याची मोजपट्टी निराळी. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हापासून पिकाची आणेवारी काढली जाते. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस पीक, हे खेड्यात आजही कळतं. कागदोपत्री तिची पैसेवारी झाली. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. सगळ्या गावाचा जीव पन्नास पैशांच्या रेघेवर टांगलेला असायचा. रेघेखाली गेलं की जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांची परीक्षा फी माफ. वर राहिलं की यातलं काही नाही.

२०१६ च्या डिसेंबरात केंद्राने दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता आणली. पावसाच्या तुटीबरोबर जमिनीतली ओल, उपग्रहाने टिपलेली हिरवाई, मग प्रत्यक्ष पाहणी, अशी चाळणी लागली. तिच्यातून २०२३ साली राज्यातले ४० तालुके उतरले. लातूर जिल्ह्यातला रेणापूर त्यांत होता. नांदेडचा एकही नव्हता. ओरड झाली आणि नोव्हेंबरात आणखी हजाराहून अधिक महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली. सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या संहितेतला दुष्काळ त्या ४० तालुक्यांपुरताच राहिला. सात वर्षांपूर्वी गळलेला शब्द परत कामाला आला होता.

पाणी जास्त झालं तरी हाच खेळ. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने हसनाळ, रावणगाव पाण्याखाली गेली, माणसं दगावली. बातम्यांत तो पाऊस ‘ढगफुटीसदृश’ होता, कारण ढगफुटी म्हणायला तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस नोंदला जावा लागतो. महिन्याभरात मराठवाडाभर पूर आले आणि ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी गावोगाव उठली. नियमावलीत अशी संज्ञाच नाही, असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. दुष्काळात मिळतात त्या सवलती देण्याचंही जाहीर केलं. म्हणजे दुःख मान्य झालं, त्याच्या नावाला मात्र नियमांत जागा मिळाली नाही. आणि जे नियमांत नाही, ते दर वर्षी नव्याने मागावं लागतं.

शेतकऱ्याची भाषा इतकी अडखळत नाही. त्याच्या लेखी सामान्य स्थिती म्हणजे वाफसा: ढेकूळ हातात दाबलं की फुटावं आणि हाताला चिखल लागू नये. त्यापलीकडे रान चिबडतं, अलीकडे पीक ताण खातं. पाऊस किती झाला यापेक्षा तो कधी झाला आणि जमिनीने त्याचं काय केलं, हे या शब्दांत येतं. सरकारी निकषांत अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो. शिवेपलीकडच्या गावात ढग रिकामा झाला, तरी त्याची नोंद कुठेच होत नाही. तिथला माणूस मग पंचनाम्यात नुकसान ३३ टक्क्यांवर गेल्याचं पटवून देत तलाठ्यामागे फिरतो.

निकष लागतातच, सरकारी पैसा अंदाजाने वाटता येत नाही. पण मोजमाप मंडळावरून गावाच्या शिवारापर्यंत उतरवणं, पावसाच्या बेरजेसोबत खंडाचे आणि झडीचे दिवस मोजणं, आणि ओल्या दुष्काळाची व्याख्या संहितेत लिहिणं, ही तिन्ही कामं आज करता येण्याजोगी आहेत. ती झाली, तर रब्बीची पेरणी तोंडावर आलेली असताना हसनाळच्या किंवा रेणापूरच्या शेतकऱ्याला आपल्या नुकसानीचं सरकारी नाव कोणतं, हे विचारायला तहसीलचे खेटे घालावे लागणार नाहीत.