उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपले वाडवडील म्हणत आले. या म्हणीत उकिरड्याविषयी आशा आहे, तशी थोडी उपेक्षाही आहे. उकिरडा जणू दैव उघडण्याची वाट पाहत पडून आहे आणि ते केव्हा उघडेल हे काळाच्या हाती आहे! वास्तविक उकिरड्याचे पांग काळ फेडीत नाही. ते फेडतो तो माणूस, जो त्याच्याकडे वळून पाहतो, त्यात काय आहे याची चौकशी करतो आणि त्याला योग्य जागी नेतो. एखादी वस्तू टाकाऊ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा आपण त्या वस्तूचा गुण सांगत असतो की केवळ आपला निकाल ऐकवीत असतो? हा प्रश्न वरकरणी शेतीचा वाटला, तरी मुळात तो नीतीचा आहे. त्याचा विचार करण्यासाठी आम्ही एक मातीतलाच दाखला निवडला आहे : अळिंबीच्या, म्हणजे आपण आता सर्रास ज्याला मशरूम म्हणतो त्याच्या, शेतीतून उरणारे खत आणि त्यावर पोसली जाणारी बागेतील हिरवळ.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात केनेट स्क्वेअर नावाचे एक लहानसे नगर आहे. १८८५ च्या सुमारास तेथील विल्यम स्वेन या फूलबागायतदाराने इंग्लंडहून अळिंबीचे बियाणे मागविले आणि आपल्या काचघरात, कार्नेशनच्या फुलांच्या मांडण्यांखाली जी जागा वाया जात असे, तेथे ते लावून पाहिले. वाया जाणाऱ्या जागेतून एक मोठा उद्योग उभा राहिला. आज अमेरिकेत पिकणाऱ्या अळिंबीपैकी निम्म्याहून अधिक एकट्या पेनसिल्व्हेनियात पिकते आणि तिचा फार मोठा वाटा याच परिसरातला असतो.

या उद्योगाचे अन्नच मुळी इतरांनी टाकलेल्या वस्तूंचे आहे. घोड्यांच्या तबेल्यातील लीद मिसळलेला पेंढा, मक्याची रिकामी कणसे, सरकीची टरफले, कोंबड्यांची विष्ठा, यांत जिप्सम घालून ढीग रचतात, पाणी मारतात, वरचेवर उलथतात. ढिगाच्या पोटात सत्तर अंश सेल्सियसच्याही वर उष्णता चढते. मग ते खत बंद खोल्यांत पुन्हा तापवून त्याचे पाश्चरीकरण करतात, त्यात बियाणे मिसळतात आणि वर पीट व चुना यांचा थर देतात. काही आठवड्यांत अळिंबीचे दोन-तीन बहर निघतात. त्यानंतर उत्पन्न घटू लागते, रोगाची भीती वाढते. तेव्हा खोलीत वाफ सोडून सारे किडे-जंतू मारतात आणि खत बाहेर काढतात. या बाहेर काढलेल्या खताला तेथे ‘स्पेंट’ म्हणतात, म्हणजे खर्ची पडलेले, संपलेले.

आता संपले ते काय? बागायतदाराच्या दृष्टीने पाहता त्याचा हिशेब चोख आहे. चौथ्या बहरासाठी खोली अडवून ठेवणे त्याला परवडत नाही. परंतु खतातील सेंद्रिय द्रव्य संपलेले नसते. नत्र, स्फुरद, पालाश संपलेले नसते. संपलेली असते ती त्याची गरज. हे खत मातीत मिसळले की भारी जमीन भुसभुशीत होते, हलकी जमीन पाणी धरून ठेवते. वाफेतून गेल्यामुळे ताज्या खतात तणाचे बी फारसे जिवंत राहत नाही. म्हणून घरांपुढील हिरवळी, उद्याने, रस्त्याकडेच्या बागा यांसाठी त्याला मोठी मागणी असते. वाढलेल्या हिरवळीवर जेमतेम पाव इंचाचा थर पसरतात; नव्या वाफ्यात तीन-चार भाग मातीला एक भाग खत, असे प्रमाण धरतात. ज्याला एकाने ‘संपले’ म्हटले, तेथून दुसऱ्याचे सुरू होते.

इथवर येऊन थांबावे आणि सृष्टीत काहीच टाकाऊ नाही असे सुभाषित सांगून मोकळे व्हावे, असा मोह होतो. पण हा मोहही पहिल्याच चुकीचा सख्खा भाऊ आहे. न पाहता फेकणे जसे अविचाराचे, तसेच न पाहता पसरणेही अविचाराचेच. या खतात क्षारांचे प्रमाण अधिक असते आणि चुन्यामुळे ते विम्लतेकडे झुकलेले असते. ताजे खत जाड थराने घातले, तर कोवळे अंकुर करपतात. अझेलिया, कॅमेलिया, ब्लूबेरी अशा आम्लधर्मी मातीत वाढणाऱ्या झाडांना ते मानवत नाही. पेनसिल्व्हेनियाचे राज्यपुष्प जे माउंटन लॉरेल, तेही याच गोत्रातले! म्हणजे ज्या भूमीत हे खत सर्वांत अधिक निपजते, त्या भूमीचे मानाचे फूलच ते सोसू शकत नाही. ‘नैसर्गिक आहे, तेव्हा चांगलेच असणार’ हाही न तपासता दिलेला निकालच होय. चांगली वस्तू देणे पुरेसे नाही. ती ज्याला द्यायची, त्याची प्रकृती ओळखणे हा दानाचाच अर्धा भाग आहे.

यापुढचा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. खतातील क्षार कमी व्हावेत म्हणून ते कित्येक महिने उघड्यावर, पावसापाण्यात मुरू देण्याची रीत आहे. खत त्यामुळे सौम्य होते खरे. पण धुपून गेलेले क्षार आणि नत्र जातात कोठे? काळपट पाणी निथळून ओढ्यांत उतरते. त्या परिसरातील रेड क्ले आणि व्हाइट क्ले हे ओढे पुढे शेजारच्या डेलावेर राज्यात वाहत जातात. माझ्या अंगणात सौम्य खत यावे, यासाठी त्याचा तिखटपणा कोणाच्या तरी पाण्यात उतरणार असेल, तर त्या हिरवळीच्या किमतीत त्या पाण्याचा हिशेब धरायचा की नाही? ढिगाखाली फरसबंदी करणे, निथळ अडवून पुन्हा वापरणे हे उपाय आहेत. पण त्यांना पैसा लागतो आणि तो देण्याची तयारी गिऱ्हाइकालाही दाखवावी लागते.

दुर्गंधीचेही तसेच. केनेट स्क्वेअरच्या आसपास पूर्वी शेते होती, तेथे हळूहळू टुमदार घरे उभी राहिली आणि खताच्या ढिगांच्या वासाविषयी तक्रारी होऊ लागल्या. घाण वास कोणालाच नको, हे मान्य. उपाय मागणे हा रहिवाशांचा हक्कही आहे. परंतु हिरवळ हवी, ताटात अळिंबी हवी आणि त्यांचा वास मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी दारी असावा, असे म्हणणे हा हक्क नव्हे. त्या अंधाऱ्या खोल्यांत अळिंबी खुडणारे हात आज बहुतांशी मेक्सिकोहून आलेल्या स्थलांतरितांचे आहेत. वासाविषयी त्यांचे मत सहसा कोणी विचारीत नाही.

आपल्याकडेही पुणे परिसरात बटन अळिंबीचे प्रकल्प आहेत आणि लग्नसमारंभांच्या ‘लॉन्स’ तर आता तालुक्याच्या गावीही दिसतात. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी. तिला हे चुनखडीयुक्त खत बेताने दिले तर मानवेल. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत मात्र तेच खत दुखण्यावर दुखणे आणील. गोणी तीच, खत तेच. निर्णय मात्र दोन निराळे. ते घेण्यासाठी वाकून मातीचे परीक्षण करावे लागते. वाकण्याला पर्याय नाही.

येथे एक सावधगिरी हवी. ‘संपला’, ‘आता काही कामाचा नाही’ हे शब्द आपण माणसांविषयीही वापरतो : निवृत्तांविषयी, अंथरुणाला खिळलेल्यांविषयी. खताचा दाखला त्यांना लावून ‘त्यांचाही काही उपयोग असतो’ असे म्हणणे दिसायला दयाळू, पण खोल पाहता अन्यायाचे आहे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिग्रंथात वस्तूची किंमत आणि माणसाची प्रतिष्ठा यांत स्पष्ट भेद केला. खताचे मोल उपयोगावरून ठरते, आणि ते तसेच ठरावे. घरातील आजीला मात्र आपले स्थान टिकविण्यासाठी उपयोगी पडून दाखविण्याची गरज नाही. वस्तूंना नवी जागा शोधून द्यावी; माणसाला त्याची जागा नाकारूच नये.

म्हणून निष्कर्ष काढायचा तर एवढाच : ‘टाकाऊ’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. हे कोणासाठी संपले? ते आता कोठे मानवेल? आणि ते तेथे पोहोचेपर्यंत त्याची घाण कोण सोसणार? पहिल्या प्रश्नाने उधळपट्टी थांबेल, दुसऱ्याने आंधळे औदार्य थांबेल आणि तिसऱ्याने न्यायाला सुरुवात होईल. उकिरड्याचे पांग फिटायला मग बारा वर्षे लागणार नाहीत.